वाचलेल्या पायाची खुशाली

प्रिय सारसा,

साष्टांग नमस्कार. (माझा डावा गुडघा वाकत नाही आणि तुझ्याकडे उजवा गुडघा शिल्लकच नाही, तेव्हा हा नमस्कार दोघांनी कागदावरच उरकलेला बरा.) तू, वहिनी आणि पोहायला शिकणारी तुझी ती ओली पलटण खुशाल असाल. आमच्याकडे सगळं ठीक आहे. आई ठीक, बायको ठीक, मीही ठीक. ('ठीक' हा शब्द ज्याने काढला त्याचे उपकार मानावेत तेवढे थोडे. अख्खा माणूस त्याच्यामागे लपतो.) उरलेला पाय कसा आहे तुझा? कानातला रातकिडा अजून किरकिरतो का? माझा आता एकटा राहिलेला नाही, त्याने बिऱ्हाड थाटलंय. आणि जिना चढताना तुला दम लागतो का, तेही कळव. हे मी पत्राची रीत म्हणून विचारत नाहीये, का विचारतोय ते पुढे येईलच.

पाकिटावर तुझं खरं नाव घातलंय, पण आत मी तुला सारसच म्हणणार. वॉर्डातल्या मावशींनी ठेवलेलं नाव आहे, ते बदलायचा आपल्याला अधिकार नाही. पाय गेल्यावर तू कुबड्या भिंतीला टेकवून खिडकीपाशी एका पायावर उभा राहायचास आणि कुणी बस म्हटलं तरी बसायचा नाहीस, म्हणून तू सारस. माझ्या मांडीच्या हाडाचा तुकडा कापून तिथे गुडघ्यासकट धातू बसवला, म्हणून मी खिळ्या. शेजारशेजारच्या दोन खाटा, दोघंही कॉलेजच्या वयाचे, दोघांच्या हाडांत तीच गाठ, दोघांच्या नळ्यांत तीच औषधं. फरक एवढाच की तुझा पाय गेला आणि माझा वाचला. या 'वाचला' शब्दावर आमच्या घराने आजवर किती मिरवलंय ते तू कानाने ऐकलं आहेस.

तर तुझा निरोप पोचला. हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये 'विजेत्यांचा मेळावा' आहे, जुने पेशंट बोलावलेत, आणि आपण दोघांनी मिळून स्टेजवर चार शब्द बोलावेत असं तुझं म्हणणं. मी येणार नाही. का येणार नाही ते सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा विचारायचे तुझे कष्ट वाचतील. मागच्या मेळाव्यात काय झालं ते आठवतंय ना? गळ्यात चकचकीत पट्टा घातला, हातात एक रोपटं दिलं (ते आठवडाभरात वाळलं, त्याच्यासाठी काही मेळावा नव्हता), आणि त्या सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माईक माझ्या तोंडाशी धरून विचारलं की कॅन्सरला हरवताना तुमच्या मनात काय चाललं होतं. मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, उलटी. सगळा हॉल हसला आणि टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना तो माझा विनय वाटला. सारसा, मी कुणाला हरवलंबिरवलं नाही रे. मला आडवं घातलं, नळीतून विष सोडलं, ते गाठीवरही पडलं आणि माझ्यावरही पडलं. गाठ आधी मेली, एवढंच. याला विजय म्हणायचं असेल तर म्हणोत, पण मग मेळाव्यात जे नसतात त्यांना काय पराभूत म्हणायचं? आपल्या समोरच्या खाटेवरचा तो शिंप्याचा मुलगा, बुद्धिबळात आपल्या दोघांना एकाच वेळी हरवणारा, तो का कमी पडला? जाऊ दे, हा विषय निघाला की माझी मान गरम होते.

मुद्द्यावर येतो. हाडांचा डॉक्टर म्हणतो, डावा पाय मांडीतून काढून टाकू या. मी म्हणतो, नाही. आता तू म्हणशील की हे असं अचानक कुठून उपटलं, तर ते सगळं एका बझरपासून सुरू झालं, आणि ती हकीकत मी तुला सांगणारच आहे, कारण आणखी कुणाला सांगायला गेलो तर ते आधी हसतात आणि मग हसल्याबद्दल वाईट वाटून घेतात. तू फक्त हसशील.

मी लिफ्ट दुरुस्त करतो हे तुला ठाऊक आहे, पण या धंद्यातली गोम तुझ्या लक्षात आली नसेल. मला बोलावतात तेव्हा लिफ्ट बंद असते. चालत्या लिफ्टला कुणी मेकॅनिक बोलावत नाही. आणि बिघाड कितीही क्षुल्लक असो, लिफ्टचं यंत्र असतं गच्चीवरच्या खोलीत. म्हणजे ज्याला जिना चढवत नाही अशा माणसाने जन्मभरासाठी काम कुठलं निवडलं, तर लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत शेवटच्या मजल्याच्याही वर जाण्याचं. (डोकं ठिकाणावर असतं तर टपाल तिकिटं विकली असती.) मी आडवा चढतो, खेकड्यासारखा, कठडा धरून, उजवा पाय वर आणि डावा मागून ओढत. मध्येच धाप लागून थांबलो आणि कुणी दार उघडून बघितलं, तर मी भिंतीला कान लावून दोरांचा आवाज ऐकतोय असं दाखवतो. लोक आदराने दार लावून घेतात. ऑफिसात मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की कॉलेजात असताना मोटरसायकलवरून पडलो. अपघात झालेल्या माणसाला लोक बसायला खुर्ची देतात. कॅन्सर होऊन गेलेल्याला काम देताना आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात.

तर एका निवासी इमारतीतून तक्रार आली. लिफ्टमध्ये ठरल्यापेक्षा जास्त माणसं शिरली की एक बझर किंचाळतो, तू ऐकलाच असशील. (किंवा नसशीलही, आणि तेच तर सांगायला बसलोय.) तक्रार अशी, की एकटं माणूस शिरलं तरी बझर सुरू होतो आणि थांबायचं नाव घेत नाही. मी गेलो, जिने चढलो, वर जाऊन लिफ्ट चालू केली, जिने उतरलो आणि केबिनमध्ये उभा राहिलो. शांतता. अगदी चिडीचूप. मी म्हटलं, ऑफिसातल्या मुलीने तक्रार उलटी उतरवून घेतली, बझर मेलाय. पेटीतून नवा काढला आणि बसवला. शांतता. दुसरा काढला, हा मोठा, गोदामातल्या मालाच्या लिफ्टला लावतात तो. बसवला. तरी शांतता. तारेत वीज येत होती, लाल दिवा पेटत होता, म्हणजे दोष माझ्या जोडणीत नव्हता. माझ्या कामात दोष नसतो याचा मला फार अभिमान आहे. मी सरळ निष्कर्ष काढला की कंपनीकडून बझरचं अख्खं खोकंच नासकं आलंय, आणि एकेक काढून, जोडून, आवाज शेवटपर्यंत वाढवून बघत बसलो. दार मी आतून लावून घेतलं होतं, लोकांचा व्यत्यय नको म्हणून.

शेवटी दार उघडलं तर समोर निम्मी इमारत उभी. सगळ्यांचे हात कानांवर. एका आजोबांनी डोक्याभोवती उशी धरली होती. जिन्यात एक कुत्रा आकाशाकडे तोंड करून काहीतरी म्हणत होता. मला आधी वाटलं, हा काहीतरी निषेध आहे, माझ्याविरुद्ध नसावा. इमारतीच्या कमिटीच्या बाई सर्वांत पुढे होत्या, चेहरा लालबुंद, ओठ जोरजोरात हलत होते. मी त्यांना शांतपणे, जाणकाराच्या सुरात सांगितलं की बाई, बझर मेलाय, खोकंच खराब निघालंय, उद्या दुसरं आणतो. मी हे सांगत होतो तेव्हा माझ्या डोक्याच्या वर वीतभर अंतरावर तो गोदामाचा बझर जीव खाऊन वाजत होता. बाई दोन पावलं पुढे आल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. (मला वाटलं, आता एक ठेवून देतात.) तसं काही न करता त्यांनी माझा हात वर नेला आणि बझरवर दाबून धरला.

सारसा, तो थरथरत होता. मुठीत चिमणी धरावी तसा थरथरत होता, आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. कानावर विश्वास नसला तरी माझा हातावर विश्वास आहे, हाताने मी दोराची झीज ओळखतो. मी बाईंकडे बघितलं. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता आणि त्या जागी जे आलं होतं ते मला अजिबात नको होतं. मी हत्यारं गोळा केली, तारा काढल्या आणि पाय ओढत जेवढ्या चपळाईने सटकता येतं तेवढा सटकलो. रस्त्यावर आल्यावर आठवलं की गेली कित्येक वर्षं मी भेटेल त्याला ऐकवतोय की शहरातल्या चिमण्या संपल्या. झाडं तोडली, मनोरे उभे केले, माणसाच्या हावेने पाखरं गेली, असं मी चहाच्या टपरीवर भाषण करायचो. समोरच्या तारेवर ओळीने चिमण्या बसल्या होत्या. चोची उघडत होत्या आणि मिटत होत्या.

इमारतीतून ऑफिसात फोन माझ्याआधी पोचला होता. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं, पण त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि दार लावून घेतलं. मोटरसायकलवरून पडून माणसाचे कान असे जातात का, असं त्यांनी विचारलं. मग मी सगळं सांगितलं, गाठ, खाट, नळ्या, धातू. साहेब भला माणूस. सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मग सारसा, मी बघत असताना त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. तपासण्या करून आल्याशिवाय एकाही गच्चीवर चढायचं नाही असा हुकूम झाला.

मग सुरू झाली यात्रा. कानांचा डॉक्टर वयाने आपल्यापेक्षा बराच लहान, केसबीस उभे केलेला. त्याने विचारलं की तेव्हा कुठकुठली औषधं दिली होती. मी म्हटलं, एक लाल, एक पिवळं आणि एक पाण्यासारखं, जे नुसतं दिसलं तरी पोट ढवळायचं. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. पण नावं आपल्याला कुणी सांगितली होती? मग त्यानेच ओळखलं. ते पाण्यासारखं औषध कान खातं म्हणाला, आधी बारीक आवाज जातात, मग हळूहळू खालचे, आणि गेलेले परत येत नाहीत. हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं का, असं त्याने मलाच विचारलं. मी म्हटलं, सांगितलं होतं ना. वॉर्डातून निघताना मोठे डॉक्टर पाठीवर थाप मारून म्हणाले होते की आता हे सगळं विसरून जा आणि मजेत जग. मी आज्ञाधारक पेशंट, मी विसरलो.

लाल औषधाचं नाव निघताच त्याने मला छातीच्या डॉक्टरकडे धाडलं. तिथे पोटऱ्यांना सूज आहे का ते बघितलं, छातीवर थंडगार मलम चोपडलं आणि पडद्यावर माझं हृदय दाखवलं. मला त्यातलं काही कळणार नाही अशा समजुतीने तो फार सोपं करून सांगत होता, पण मी मोटरी बघण्यात हयात घालवलेला माणूस, मला त्याच्याआधीच कळलं. मोटर फिरतेय पण भार उचलत नाही. केव्हापासून म्हणून विचारलं तर म्हणाला, हळूहळू, वर्षानुवर्षं. म्हणजे जिन्यात मी भिंतीला कान लावून जे नाटक करत होतो, त्यात खरोखरच एक यंत्र बिघडत होतं. पुढे मूत्रपिंडांच्या डॉक्टरने ती जपून वापरायला सांगितली. (जसा काही मी ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना उसनी देत होतो.) प्रत्येकाने आपापला तुकडा तपासला, त्या तुकड्यावर गोळ्या लिहून दिल्या आणि मला पुढच्या खोलीत ढकललं. सगळे तुकडे मिळून एक माणूस होतो आणि तो बाहेर बाकावर बसलाय, हे बघायची खोली त्या इमारतीत नाही.

आणि त्याच बाटल्यांनी आणखी काय नेलं ते तुला ठाऊक आहे, पण आज ते लिहितोच. लग्नानंतर मूल होईना तेव्हा सगळ्या तपासण्या आधी बायकोच्या झाल्या. ती सुया टोचून घेत राहिली, गोळ्यांनी अंग धरलं तिचं, चेहरा सुजला, आणि आई शेजारणीला सांगायची की आमच्या मुलात काही दोष नाही, त्याचा तर पायसुद्धा वाचला. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात आलं की याला अठराव्या वर्षी काय काय दिलं होतं ते विचारा. कुणीतरी मला तेव्हाच सांगितलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं? सांगणाऱ्याला कॉलेजातल्या पोराशी हे बोलायची लाज वाटली असेल. लाज त्यांची आणि सुया तिला. मला याचा राग येतो, सारसा, अजून येतो, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही, कारण ते सगळे लोक माझा जीव वाचवण्यात गुंतलेले होते.

आता पाय. गुडघा बरेच दिवस गरम लागत होता. मी म्हणायचो, हवाच तशी आहे. मग बायकोला माझ्या पॅन्टला आतून डाग दिसले. मी म्हटलं, लिफ्टचं ग्रीस असेल. (ग्रीसला असा वास येत नाही हे तिलाही कळतं आणि मलाही.) एवढे डॉक्टर झालेच आहेत तर आणखी एक, म्हणून तिने मला हाडांच्या डॉक्टरपुढे नेऊन उभं केलं. धातूभोवती पू झालाय. धातू याआधी बदलून झालाय, तुला माहीत आहे, प्रत्येक वेळी थोडं हाड खाऊन नवा बसवतात, आणि आता खायला फार हाड उरलेलं नाही. एक मार्ग म्हणजे सगळं काढायचं, महिनोन्‌महिने पू आटायची वाट बघत पडून राहायचं, मग पुन्हा बसवायचं, आणि तेही टिकेल असं नाही. पण एवढ्या वेळा भूल द्यायला छातीचा डॉक्टर तयार नाही. दुसरा मार्ग एकदाच, मांडीतून. त्याने कागदावर पायाचं चित्र काढलं, छान काढलं, नखंसुद्धा काढली, आणि मग पेनने मांडीवर एक आडवी रेघ मारली. मी दोर कुठे तोडायचा ते खडूने दाखवतो ना, तशीच. मी नाही म्हटलं आणि उठलो. दारापर्यंत जायला मला एवढा वेळ लागला की त्याला आणखी एक पेशंट आत बोलावता आला.

नाही का म्हटलं ते ऐक. हा पाय वाचलेला पाय आहे. वॉर्डाच्या बोळात माझी आई तुझ्या आईसमोर म्हणाली होती ना, बरं झालं बाई, आमच्याचा वाचला. तुझ्या आईच्या हातात संत्रं होतं, ते तिने सोलून मला दिलं. त्याच दिवशी तुला पाय काढून परत खाटेवर आणलं होतं. सगळी माणसं तोंडात पदर, तोंडात रुमाल धरून उभी होती, मलाही रडू फुटणार होतं, तेवढ्यात तुझ्या खाटेखाली मला दोन चपला दिसल्या, नीट जोडीने ठेवलेल्या. माझ्या तोंडून निघून गेलं की सारसा (तेव्हा तू सारस नव्हतास, पण ते असो), माझी उजवी तुटलीय, तुझी देऊन टाक. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी आता भस्म होणार. तू धड शुद्धीवरही नव्हतास. खाटेवरून हात खाली सोडलास, चाचपलंस, आणि ती चप्पल मला फेकून मारलीस. कपाळावर लागली. मावशींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, हा जगतोय.

तू जगलास आणि काय जगलास! तलावाच्या काठावर पाय काढून टॉवेलशेजारी ठेवतोस आणि पाण्यात सूर मारतोस. पहिल्या दिवशी रडणारी पोरं दुसऱ्या दिवशी तुझा पाय धरायला मिळावा म्हणून भांडतात. बसमागे धावतोस, शिडीवर चढतोस, विकतच्या पायाने. आणि मी माझ्या स्वतःच्या, जन्मापासूनच्या, वाचलेल्या पायाने जमिनीवर बसू शकत नाही, ओणवा होऊ शकत नाही, बुटाची नाडी बांधू शकत नाही. डाव्या बुटाची नाडी बायको बांधते. सिनेमाला गेलो तर कडेची खुर्ची, न मिळाली तर घरी परत. कुणी धक्का देईल म्हणून गर्दीत शिरत नाही, पाऊस पडला की फरशीवरून चालत नाही. मी या पायाला एवढं जपलं की दुसरं काही करायला सवडच झाली नाही. तू पाय देऊन मोकळा झालास आणि मी पायाचा रखवालदार झालो. हे लिहिताना माझ्या लक्षात येतंय की मी तुझी बाजू मांडतोय, तेव्हा हा परिच्छेद इथेच थांबवतो.

बायकोला रेघेचं सांगितलं. ती एवढंच म्हणाली की बरं, नाडी बांधायचा त्रास कमी झाला. मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आईला काही सांगितलेलं नाही. सांगणार काय? आता तिला नीट दिसत नाही, पण घरी कुणी आलं की ती अजून माझ्या शेजारी येऊन बसते, बोटांच्या पेरांनी माझ्या डाव्या गुडघ्यावर टकटक करते आणि म्हणते, हा बघा, हा वाचवलेला. तिच्या सगळ्या आयुष्यात तिला एवढी एकच गोष्ट मनासारखी मिळाली. ती मी कापून देऊ?

तेव्हा माझा निर्णय पक्का आहे. पाय देणार नाही आणि मेळाव्यालाही येणार नाही. तू फोन करून समजूत घालायच्या भानगडीत पडू नकोस, मला तसंही धड ऐकू येणार नाही. वहिनींना नमस्कार, ओल्या पलटणीला आशीर्वाद.

तुझा,
दोन्ही पायांवर ठाम उभा असलेला
खिळ्या

ता. क. बझरचं ते खोकं उत्तम निघालं. साहेबांनी ऑफिसातल्या सगळ्यांसमोर एकेक वाजवून बघितला, आणि म्हणे तिसऱ्या बझरला हिशेबनीस कार्यालय सोडून गेले. मला आता गच्चीवर चढायचं नाही. नव्या मेकॅनिकांना खाली बसून तारांची जोडणी शिकवायची. साहेबांनी ते दयेपोटी दिलं की गरजेपोटी, ते मी विचारलं नाही. खुर्ची बरी आहे.

आणखी एक ता. क. लाल बाटली तुलाही होती. तीच, त्याच मापाची, माझ्या नळीत थेंब पडायचा तेव्हा तुझ्याही नळीत पडायचा, आपण शर्यत लावायचो. पोरांपुढे फुशारकी म्हणून तू पाण्याखाली श्वास कोंडून बसतोस असं वहिनी म्हणाल्या. आधी छातीच्या डॉक्टरला दाखव, मग बस. 'मला काही होत नाही' असं उत्तर पाठवू नकोस, मीही तेच म्हणत होतो. यात विनोद नाही, शोधू नकोस.

शेवटचा ता. क. पत्र पाकिटात घालून चिकटवलं होतं, ते फाडून पुन्हा काढलंय. आज सकाळी वरच्या मजल्यावरचे कुणी भेटायला आले होते. आई नेहमीप्रमाणे शेजारी बसली, गुडघ्यावर टकटक केली आणि मी कळवळून ओरडलो. तिने हात मागे घेतला. बोटं ओली झाली होती. ती बोटं तिने नाकाशी नेली, पदराला पुसली, आणि आलेल्या माणसाशी हवापाण्याचं बोलत राहिली. तो गेल्यावर मला म्हणाली, तुझा तो पोहणारा मित्र कसा आहे रे? आणि मग, जरा वेळाने, दुसरीकडे बघत, त्याचा पाय कुठे बनवून मिळतो?

मी हाडांच्या डॉक्टरला हो कळवलंय. त्याने दिलेला दिवस नेमका मेळाव्याचाच निघाला. खाली हॉलमध्ये तुमच्या टाळ्या चाललेल्या असतील आणि वर माझं काम चाललेलं असेल, म्हणजे मी येणार नाही म्हणालो होतो ते खोटं ठरलं, त्या इमारतीत मी असणारच आहे. तर तुझ्या पायवाल्या कारागिराचा नंबर पाठव. आदल्या दिवशी आमच्याकडे ये, आईसमोर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोन फेऱ्या मार, आणि तिला तो पाय हातात घेऊन बघू दे, वाटेल तेवढा वेळ बघू दे. आणि त्या दिवशी तुझं भाषण झालं की गळ्यातला पट्टा काढून वर ये. लिफ्टनेच ये, बझर वाजतोय ना ते माझ्यासाठी ऐकून ठेव. खोलीत सगळे रडत असतील, बायको, आई, कदाचित साहेबसुद्धा. छातीचा डॉक्टर म्हणालाय की मला भुलीतून बाहेर यायला वेळ लागेल, आणि तो हे म्हणाला तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता. तू कुणाचं ऐकू नकोस. खाटेखाली वाक आणि माझ्याकडे माझी डावी चप्पल माग. मी लगेच फेकून मारली नाही तर पुन्हा माग. मोठ्याने माग, मला ऐकू कमी येतं.